बार्शीची मोजदाद

परिचारिकेच्या हातास गुण आहे, असें म्हणणें सोपें. तो गुण आंकड्यांनीं सिद्ध करणें मोठें दुर्घट. डॉक्टरचें म्हणून समजलें जाणारें काम तिच्यावर सोंपविलें, तर रुग्णाचें हित कितपत साधतें? सोलापूर जिल्ह्यांतील बार्शीनें या प्रश्नाचा पाठपुरावा चिकाटीनें केला आहे.

मोजावयाचें तर आधीं नोंद हवी. 1987 सालीं बार्शी, परंडा व भूम या तालुक्यांतील खेड्यांकरितां कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. ग्रामीण भागासाठीं भारतांतील ती पहिलीच. पुढें 1999 च्या ऑक्टोबरांत बार्शीचें नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, मुंबईचें टाटा स्मारक केंद्र व फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनीं शेजारच्या उस्मानाबाद (2023 पासून धाराशिव) जिल्ह्यांत एक प्रचंड प्रयोग आरंभिला. 30 ते 59 वर्षें वयाच्या 1,31,746 स्त्रिया, गांवांचे 52 गट, आणि चिठ्ठ्या टाकाव्या तशी त्या गटांची चार भागांत वांटणी!

गर्भाशयमुखाची तपासणी प्रशिक्षित परिचारिका-सुईणी करीत. एका भागांत सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावून रोगट जागा पांढरी पडते कीं काय, हें त्या डोळ्यांनीं पाहत. दुसऱ्यांत पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखालीं तपासावयास पाठवीत. तिसऱ्यांत त्यांनीं घेतलेल्या नमुन्यांत एचपीव्ही या विषाणूचा शोध प्रयोगशाळेंत होई. चौथ्या भागास नेहमींचीच व्यवस्था, तपासणी नाहीं.

पहिल्या फेरींत तिन्ही भागांत सांपडलेल्या गंभीर पूर्वविकारांचें प्रमाण जवळजवळ सारखें, शेंकडा एक किंवा किंचित कमी, भरलें. हिशेब तेथेंच मिटविला असता, तर परिचारिकेची नजर प्रयोगशाळेच्या तोडीची ठरती. परंतु आठ वर्षें मृत्यु मोजले गेले: विषाणुचांचणीच्या भागांत 34, पेशीपरीक्षेच्या 54, नजरेच्या 56, तपासणीविना राहिलेल्यांत 64. निश्चित म्हणावी अशी घट विषाणुचांचणीनेंच दाखविली.

मग नजर कुचकामी काय? तसें म्हणवत नाहीं. तमिळनाडूंतील दिंडिगल जिल्ह्यांत हीच आम्लाची तपासणी परिचारिकांनीं केली आणि योग्य तेथें त्याच भेटींत शीतोपचारही स्वतःच्या हातानें दिला. 2007 सालीं प्रसिद्ध झालेल्या तेथील निष्कर्षांत या रोगाचे मृत्यु शेंकडा 35 नीं घटलेले दिसले.

जागतिक आरोग्य संघटनेनें 2021 सालीं विषाणुचांचणीस अग्रक्रम दिला. उस्मानाबादच्या चौथ्या भागांतील 31,488 स्त्रियांविषयीं मात्र नीतीचा वाद उठला, आणि तो अकारण नव्हता. त्या 64 जणींवांचून 34 या आंकड्यास अर्थच येत नाहीं.