वरातीतली नागीण आणि रॉकमधला सोलो

बार्शीटाकळी असो, मूर्तिजापूर असो की दर्यापूर. वऱ्हाडातील वरात चौकात आली की बँडकडे एक फर्माईश हमखास येते. क्लॅरिनेटवर ती वळसे घेत जाणारी धून सुरू होते. एक जण रुमालाचे टोक दातांत धरून गारुडी होतो, दुसरा डोक्यावर हातांचा फणा उभारून धुळीत लोळू लागतो. गाण्याचे शब्द या वेळी कुणालाच नको असतात. हवा असतो तो फक्त बिनेचा तुकडा.

गायक थांबतो आणि एकच वाद्य पुढे येऊन बोलू लागते, याला रॉक संगीतात सोलो म्हणतात. वरातीतल्या या तुकड्याचे रॉकशी नाते एवढ्यावरच संपत नाही. तो ज्या यंत्रातून जन्मला, त्याच जातीच्या यंत्रातून रॉकच्या आरंभकाळातील एक अत्यंत गाजलेला सोलोही निघाला. आणि मुंबई त्यात सात वर्षांनी पुढे होती.

१९५४ साली ‘नागिन’ हा हिंदी चित्रपट आला. पडद्यावर प्रदीपकुमार पुंगी फुंकतो आणि वैजयंतीमाला भारल्यासारखी खेचली जाते. लता मंगेशकरांच्या ‘मन डोले मेरा तन डोले’ या गीतात जी बीन ऐकू येते, ती मात्र बीन नव्हतीच. गारुड्याच्या पुंगीत भोपळा आणि दोन नळ्या. तिची पट्टी ठरलेली, सूर मोजके. संगीतकार हेमंतकुमारांच्या वाद्यवृंदात तो आवाज कल्याणजी वीरजी शाह यांनी क्लॅव्हियोलिनवर काढला आणि रवी यांनी त्याला हार्मोनियमची जोड दिली. कल्याणजी हे गिरगावात वाढलेले, किराणा दुकानदार कच्छी वडिलांचे चिरंजीव.

क्लॅव्हियोलिन हे फ्रान्समधील कॉन्स्टंट मार्टिन यांचे १९४७ चे अपत्य. दिसायला लहानशी पेटी, पण आत भाता नाही, तारा नाहीत. निर्वात नळ्यांच्या मंडलात विजेची आंदोलने निर्माण होत आणि ध्वनिक्षेपकातून सूर बाहेर पडे. कळी फिरवून आवाजाचा पोत बदलता येई, सुराला कंप देता येई, गुडघ्याने दांडी सरकवून तो लहानमोठा करता येई. एक उणीव होती: एका वेळी एकच सूर. दोन पट्ट्या एकदम दाबून उपयोग नसे. पियानोवाल्याला ही अडचण वाटेल. बिनेची नक्कल करणाऱ्याला ती वरदान ठरली. गारुडी जसा श्वास न तोडता सुरातून सुरात घसरत जातो, तसेच हे यंत्र अखंड गात राही. (खऱ्या सापाला यातले काहीच भावत नाही. त्याला बाह्यकर्ण नसतात. तो डोलतो ते पुंगीच्या हालचालीमागे.)

आता अमेरिका. मिशिगनमधील मॅक्स क्रूक या वादकाने याच क्लॅव्हियोलिनमध्ये फेरफार करून आपले वाद्य बनवले व त्याला ‘म्युझिट्रॉन’ असे नाव दिले. डेल शॅनन या गायकाच्या ‘रनअवे’ या १९६१ च्या गाण्यात मधोमध त्याचा सोलो येतो. किंचाळणारा, उंच उडी घेणारा तो तुकडा ऐकला की वऱ्हाडी कानांना नवल वाटणार नाही. एप्रिलमध्ये ते गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचले. पुढल्याच वर्षी लंडनमध्ये जो मीक यांनी आपल्या घरातल्या स्टुडिओत ‘टेलस्टार’ ही धून घडवली. नुकत्याच सोडलेल्या दळणवळण उपग्रहाचे नाव तिला दिलेले, आणि तिच्यात शब्द जवळजवळ नाहीतच. क्लॅव्हियोलिनच सारे गाते. १९६७ मध्ये ‘बेबी यू आर अ रिच मॅन’साठी बीटल्सच्या जॉन लेननने तेच वाद्य हाती घेतले, तेव्हा त्यातून निघालेला आवाज शहनाईच्या इतका जवळ गेला की वर्तुळ पूर्ण झाल्यासारखे वाटते. पुढे डीप पर्पलच्या जॉन लॉर्ड यांनी हॅमंड ऑर्गन गिटारच्या ॲम्प्लिफायरमधून गर्जवला आणि सोलो म्हणजे केवळ गिटार नव्हे, हे हेवी रॉकच्या श्रोत्यांनाही मान्य करावे लागले.

फरक आहे तो नावांत. ‘रनअवे’च्या तबकडीवर शॅननबरोबर क्रूकचेही नाव रचनाकार म्हणून छापले गेले. ‘नागिन’साठी १९५६ चा फिल्मफेअर पुरस्कार हेमंतकुमारांना मिळाला, आणि तो योग्यच होता. पण त्या काळी आपल्याकडे चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर चित्रपट, गायक आणि संगीतकार यांची नावे येत. वादकांची नावे छापण्याची पद्धत नव्हती. रवी १९५५ च्या ‘वचन’पासून आणि कल्याणजी १९५८ च्या ‘सम्राट चंद्रगुप्त’पासून स्वतंत्र संगीतकार झाले, म्हणून तरी त्या बिनेमागचे हात लोकांच्या स्मरणात राहिले. तसे नशीब न लाभलेले व्हायोलिनवादक, सॅक्सोफोनवादक, अ‍ॅकॉर्डियनवादक त्या ध्वनिमुद्रणगृहांत कितीतरी होते. त्यांचे तुकडे आजही गुणगुणले जातात. वाजवले कुणी, हे गुणगुणणाऱ्याला ठाऊक नसते.

आणि वरातीत बँडच्या ढोलावर मालकाचे नाव रंगवलेले असते, खाली मोबाइल क्रमांक. क्लॅरिनेटवाल्याचे नाव तिथेही नसते.