पाळ बांधणाऱ्यांचा मुलूख

आमच्या आज्याच्या गोष्टीत राजा नुसता हुकूम सोडायचा, घाम गाळायचे ते कोहळी समाजाचे लोक. चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, गोंड राजाने म्हणे दवंडी पिटवली: तलाव बांधा, त्याच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन तुमची. मग कोहळ्यांनी दोन टेकड्यांमधली जागा हेरावी, मातीची पाळ घालावी, मागे पाणी तुंबले की पुढे ऊस लावावा. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळींचा, हे तो ठासून सांगे. पण मातीच्या टोपल्या वाहिलेल्या बायांचे नाव त्याच्या एकाही गोष्टीत नव्हते.

भंडारा-गोंदियाच्या झाडीपट्टीत पाऊस कमी नाही. अडचण एवढीच की तो चार महिन्यांत पडून वैनगंगेला मिळतो. म्हणून गावोगावी तलाव, आणि शेतात लहानशा बोड्या. वरच्या तलावाचा सांडवा खालच्यात. पाणी सोडायला पाळीत तुडूम असे: दगडी बांधकामात एकाखाली एक भोके, प्रत्येकात लाकडी खुंटा. पाणी उतरेल तसा खालचा खुंटा काढायचा. रोवण्याच्या दिवसांत पाऊस दडी मारून बसला की कुणाच्या धानाच्या बांधीला आधी पाणी, यावरून भांडणे व्हायची. आजा ती भांडणे नकलांसकट रंगवायचा. त्यापुढे दंडारीचे लोकनाट्यही फिके.

मालगुजारी, म्हणजे मालगुजारांची गावांवरची आणि तलावांवरची मालकी, 1950च्या कायद्याने गेली, ते बरेच झाले. वेठ काय असते हे आजीला विचारावे. पण तलाव सरकारजमा झाले आणि पाळीवर माती टाकायची कुणी, हा प्रश्न लोंबकळत राहिला. ‘माजी मालगुजारी’चे ‘मामा तलाव’ झाले, गाळ साचला, काठाने बेशरम नावाची झुडपे माजली. रोहू-कटल्याचे बीज आले आणि मासेमारी करणाऱ्या ढिवरांच्या जाळ्यातली डाडक, बोटरी ही देशी मासळी कमी झाली. अलीकडे अर्जुनी मोरगाव भागात ढिवर बाया चिखलात उतरून बेशरम उपटतात, माशांना लागणाऱ्या देशी पाणवनस्पती लावतात. माझ्या मते इथल्या इतिहासाचे सगळ्यात ताजे पान तेच.

बाकी पाहण्यासारखे पुष्कळ. नवेगावला 1975 साली राष्ट्रीय उद्यान झाले. 2013मध्ये नागझिऱ्यासह त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला. मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून इथे काढलेले दिवस मराठी वाचकाला ठाऊक आहेतच. इटियाडोह धरणाच्या परिसरात, गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. याच भागातल्या प्रतापगडावर (साताऱ्याच्या नव्हे) महाशिवरात्रीला जत्रा भरते, आणि तिथल्या दर्ग्यालाही तितक्याच श्रद्धेने माणसे येतात. सारसाची जोडी मात्र गोंदियाकडच्या धानाच्या बांध्यांत शोधावी, तीही लांबूनच.

यायचे तर हिवाळ्यात या. गोंदिया-बल्लारशाह मार्गावर देवलगावला उतरले की नवेगाव जवळच. वाघाच्या मागे सगळा दिवस घालवू नका. निदान एक सकाळ पाळीवरून चाला, आणि काठावर ढिवरांचे जाळे ओढणे चालले असेल तर मासळी तिथेच घ्या.