खाटेवरची चित्रशाळा

एड्रियन हिल हे नाव मला पहिल्यांदा भेटले ते पुण्यातल्या रद्दीच्या एका दुकानात. ‘आर्ट व्हर्सेस इलनेस’ हे त्यांचे १९४५चे पुस्तक. पुठ्ठा सुटलेला, पाने तांबूस पडलेली. वीस रुपयांना घेतले आणि बारा वर्षे कपाटात तसेच राहू दिले. मी कलासमीक्षक नाही, डॉक्टर तर नाहीच. सहकारी बँकेत खातेवह्या सांभाळता सांभाळता जुन्या शिक्षणपद्धतींच्या नादी लागलेला माणूस. ते पुस्तक बाहेर निघाले २०२०च्या उन्हाळ्यात, घरातल्या एका मुलीमुळे. तिच्याकडे नंतर येतो, आधी हिल.

हिल यांचा जन्म १८९५चा. पहिल्या महायुद्धात ते पश्चिम आघाडीवर सैनिक होते आणि लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने युद्धभूमीची चित्रे काढण्यासाठी नेमलेले पहिले चित्रकारही तेच. १९३८मध्ये त्यांना क्षय झाला आणि इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात, मिडहर्स्टजवळच्या किंग एडवर्ड सेव्हन्थ सॅनटोरियममध्ये ते दाखल झाले. क्षयावर तेव्हा खात्रीचे औषध नव्हते; स्ट्रेप्टोमायसिन सापडले १९४३मध्ये. तोवर उपचार म्हणजे मोकळी हवा, सकस आहार आणि विश्रांती. विश्रांती हा शब्द कानाला सौम्य लागतो. प्रत्यक्षात महिनोन्‌महिने खाटेवर पडून राहायचे, उद्याचा भरवसा नसताना. मिरजेच्या किंवा औंधच्या क्षयरुग्णालयात ज्यांच्या घरातले कोणी राहून आले, त्यांना हे अधिक सांगायला नको.

पडल्या पडल्या हिल हाताशी दिसेल ते काढू लागले. दूरचा निसर्ग नाही, कल्पनेतला प्रसंग नाही. खाटेवरून नजर पोहोचेल तेवढ्याच वस्तू. बोटांबरोबर मनही गुंतले तर आजाराचा विचार तेवढा वेळ बाजूला सरतो, हे त्यांना स्वतःवरून कळले. १९३९मध्ये त्या आरोग्यधामात व्यवसायोपचार सुरू झाला, तेव्हा इतर रुग्णांना चित्रकला शिकवण्यासाठी त्यांनाच बोलावण्यात आले. पुढे युद्धातून जखमी होऊन आलेले सैनिकही त्यांचे विद्यार्थी झाले. या प्रकाराला १९४२मध्ये त्यांनी ‘आर्ट थेरपी’ हे नाव दिले. आज आपल्याकडे ‘कलोपचार’ म्हणून ज्याची शिबिरे भरतात, त्याचे इंग्रजी नाव अशा रीतीने एका रुग्णाच्या खाटेवरून आले आहे.

या इतिहासातला एक मुद्दा मला फार मोलाचा वाटतो, आणि तो सहसा सांगितला जात नाही. हिल शिकवत असत. त्याच काळातले दुसरे नाव एडवर्ड अ‍ॅडमसन यांचे. सरे परगण्यातल्या नेदर्न या मनोरुग्णालयात १९४६पासून त्यांनी चित्रशाळा चालवली. तिथल्या डॉ. कनिंगहॅम डॅक्स यांची त्यांना अट होती की शिकवायचे नाही आणि चित्राचा अर्थही लावायचा नाही. कागद, रंग, जागा द्यायची आणि सोबत राहायचे. त्या रुग्णालयात ती अट रास्तच होती. पुढे १९६४मध्ये ब्रिटनमध्ये कलोपचारकांची संघटना उभी राहिली, हिल तिचे अध्यक्ष झाले. पण हळूहळू या क्षेत्राचा ओढा मानसोपचाराकडे, चित्रातून मन वाचण्याकडे वळला. प्रशिक्षित माणसाने ते अवश्य करावे. आपल्या घरांत मात्र त्याचा पाचोळा तेवढा उडत येतो. मुलाने काळा रंग जास्त वापरला की आईवडील कुजबुजू लागतात. ज्याला चित्रातून मन वाचता येत नाही, त्याने तांब्या कसा काढायचा एवढेच शिकवावे, असे माझे मत आहे.

आता दूर राहून शिकवण्याविषयी. चित्रकला टपालाने शिकवण्याची रीत जुनी आहे. पर्सी ब्रॅडशॉ यांनी लंडनमध्ये १९०५मध्येच असे विद्यालय काढले होते. अमेरिकेतले उदाहरण आपल्या वाचकांना जवळचे वाटेल. ‘पीनट्स’ ही चित्रमालिका काढणारे चार्ल्स शुल्झ शाळेच्या शेवटच्या वर्षाला असताना मिनिआपोलिसच्या एका टपाली चित्रविद्यालयात दाखल झाले. वडील न्हावी, फी हप्त्याहप्त्याने भरली. शुल्झ राहायचे शेजारच्याच सेंट पॉल शहरात. चित्रे हाती नेऊन देता आली असती, पण बुजरा मुलगा ती टपालानेच पाठवी. लहान मुलांच्या चित्रणात त्यांना सी प्लस श्रेणी मिळाली होती! सैन्यातून परतल्यावर ते त्याच विद्यालयात शिक्षक झाले आणि लांबलांबून आलेली अनोळखी मुलांची चित्रे तपासू लागले.

हिलही शेवटी याच वाटेला आले. १९५०च्या दशकात बीबीसीवर त्यांचा ‘स्केच क्लब’ हा मुलांचा कार्यक्रम सुरू झाला. पडद्यावर ते चित्र काढून दाखवत, मुले आपली चित्रे त्यांना पाठवत. खाटेवरून खाटेकडे चाललेली शिकवणी आता घराघरांत गेली. पाठ तिकडून येतो, चित्र इकडून जाते आणि ते कोणीतरी पाहते. हे तिसरे घडले नाही तर पहिली दोन व्यर्थ, हे मला नंतर उमगले.

माझी पुतणी तेव्हा सातवीतून आठवीत गेली होती. पिंपरीत दोन खोल्यांचे घर. आई रुग्णालयात परिचारिका. करोना वॉर्डातली ड्यूटी झाली की ती बाहेरच विलगीकरणात राहायची, घरी यायची ती पंधरवड्यातून दोनचार दिवस. मुलगी जेवताना बोलेनाशी झाली, नखे कुरतडून बोटे सोलून निघाली. शाळेचा चित्रकलेचा तास मोबाइलवर होता. दर शनिवारी एक तयार चित्र यायचे, ते पाहून काढायचे, फोटो गटावर टाकायचा. साठसत्तर फोटोंवर एकच अंगठा उमटायचा. शिक्षकांना दोष द्यावासा वाटत नाही. त्यांच्याकडे अशा सात तुकड्या होत्या. पण तिसऱ्या शनिवारी पोरीने पेटी बंद केली ती केलीच.

याच सुमारास मी हिल यांचे पुस्तक उघडले आणि मला माझे शाळेतले ड्रॉइंगचे सर आठवले. ऐंशीच्या घरातले, कऱ्हाडला एकटे राहणारे. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला आम्हाला त्यांनीच बसवले होते. त्यांच्याकडे बटणांचा साधा फोन. चित्राचा फोटो त्यावर दिसणार कसा? मी अडचण सांगितली तर म्हणाले, “फोटोचं काय करायचंय? पाचला फोन लाव म्हणावं.”

पहिल्या दिवशी मीही जोडलेल्या फोनवर ऐकत होतो.

“समोर काय आहे, बाळ?”

“तांब्या.”

“पितळेचा का स्टीलचा?”

“स्टीलचा.”

“मग त्यात खिडकी दिसत असेल. सरळ दिसते का वाकडी?”

बराच वेळ आवाज नाही. मग, “वाकडी. आणि माझं नाक पण दिसतंय.”

“ते पण काढ. गज किती आहेत? मला इथून दिसत नाही, तुलाच बघून सांगावं लागेल.”

वस्तुचित्राच्या तासाला वर्गात आमच्या कागदावर हे सर स्वतःची पेन्सिल चालवत आणि आमचे चित्र त्यांचे होऊन जाई. फोनवर ती सोय उरली नाही. दिसत नसल्यामुळे विचारणे भाग, आणि विचारल्यामुळे तिला पुन्हा पाहणे भाग. सलग नऊ आठवडे हे चालले. तांब्या, उलटी ठेवलेली कढई, दाराच्या कडीला अडकवलेली पिशवी, आजोबांची रिकामी खुर्ची. सरांनी खुर्चीविषयी फक्त पायांचे कोन विचारले.

तिचा ताण गेला असे मी लिहिणार नाही. नखे ती अजूनही खाते. पाच ते साडेपाच मात्र हात मोकळे नसायचे, आणि चार वाजल्यापासून आज काय मांडायचे याची शोधाशोध चालायची. त्या वह्या मी नंतर मागून घेतल्या. पहिल्या पानावरचा तांब्या लंगडा आहे. चोविसाव्या पानावरच्या कढईचा कान मात्र थेट तापलेला वाटतो, हात लावू नये असा.

शेवटच्या आठवड्यात आई चार दिवसांसाठी घरी आली आणि दुपारी झोपून गेली. पाचला फोन लागला. पोर हळू आवाजात म्हणाली, “सर, आज आई काढतेय. उठेल म्हणून बारीक बोला.”

सरांनीही आवाज उतरवला. “नाकावर मास्कचा वळ असेल बघ.”

“आहे.”

“दोन्ही बाजूंना सारखा आहे का?”

“थांबा, जवळ जाऊन बघते,” ती म्हणाली.