ओहोटीचे शेवाळ आणि सनस्क्रीनची ट्यूब

हरिहरेश्वरला दर्शन झाले की लोक डोंगरामागून समुद्राच्या बाजूने प्रदक्षिणा घालतात. ही वाट ओहोटीलाच मोकळी असते. त्या खडकांवरचे शेवाळ आपण फक्त पाय घसरेल म्हणून बघतो. पण ते दिवसातले काही तास पाण्याबाहेर, थेट उन्हात असते. तरी करपत कसे नाही?

जपानी संशोधक त्सुजिनो आणि सैतो यांना १९६१ साली लाल समुद्रशैवालात अतिनील किरण शोषणारा पदार्थ आढळला. १९६९ मध्ये शिबाता यांना ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफमधल्या प्रवाळातही तसाच पदार्थ दिसला. पुढे या गटाला 'मायकोस्पोरीनसदृश अमिनो आम्ले' असे लांबलचक नाव पडले. त्यातले पोर्फायरा-३३४ हे नाव मात्र सोपे आहे. पोर्फायरा म्हणजे सुशीला गुंडाळतात त्या 'नोरी'च्या कुळातले शेवाळ, आणि ३३४ नॅनोमीटर लांबीची लहर ते सर्वांत जास्त शोषते. ही लहर यूव्हीए पट्ट्यातली. शोषलेली ऊर्जा हा रेणू उष्णतेच्या रूपात सोडून देतो आणि स्वतः फारसा तुटत नाही. आपल्या नेहमीच्या काही रासायनिक फिल्टरना हे जमत नाही.

क्रीमपर्यंत पोहोचायला आणखी काही दशके गेली. एका स्विस कंपनीने पोर्फायरा अंबिलिकॅलिसचा अर्क बाजारात आणला. आपल्याकडे कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात पोर्फायरा व्हिएतनामेन्सिस उगवते. (नंतर तिला पायरोपिया म्हटले गेले, वनस्पतिशास्त्रज्ञ नावे बदलत राहतात.) भाटिया, नामदेव, चौगुले आणि सहकाऱ्यांनी तिच्यातून पोर्फायरा-३३४ वेगळे केले. त्यापासून अतिनील किरणांच्या विस्तृत पट्ट्यात संरक्षण मिळते, असे त्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केले.

मग हे सगळीकडे का मिळत नाही? एक तर एक ग्रॅम वाळलेल्या शेवाळातून हा पदार्थ जेमतेम काही मिलिग्रॅम निघतो. दुसरे, तो पाण्यात विरघळतो, म्हणजे घामाने वाहून जाणार. शिवाय युरोपच्या मान्य यूव्ही फिल्टरांच्या यादीत तो नाही. म्हणून 'सीवीड' असे ठळक लिहिलेल्या ट्यूबमध्ये संरक्षणाचे मुख्य काम बहुधा झिंक ऑक्साइड किंवा दुसरा मान्य फिल्टरच करत असतो. मागच्या बाजूची बारीक अक्षरे जरूर वाचा.

हे सांगायचे कारण म्हणजे वांग असलेल्या रुग्णांचा नेहमीचा प्रश्न: "डॉक्टर, केमिकलवालं बंद करून नैसर्गिक लावू का?" वांगाला यूव्हीएच नव्हे, दिसणारा प्रकाशही वाढवतो. तिथे आयर्न ऑक्साइड असलेले, किंचित रंगीत सनस्क्रीन जास्त उपयोगी पडते. एसपीएफ ३० किंवा अधिक, घराबाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. किनाऱ्यावरचे शेवाळ वाटून चेहऱ्याला मात्र लावू नका. त्यात वाळू असते, समुद्रातले जड धातू साठलेले असू शकतात, आणि वांगावर चेहरा चुरचुरला की डाग आणखी गडद होतो.