लॅमिंग्टन रोडची भुते: मुंबईच्या अल्पखर्ची भयपटाचा पूर्वेतिहास

थडगी उकरणारे चोर आणि मेल्यावरही उठून बसणारी माणसे यांच्यावर बेतलेला विनोदी भयपट हा प्रकार ब्रिटनच्या सामाजिक इतिहासातून जन्माला आला. तेथील वैद्यकीय विद्यालयांना शवविच्छेदनासाठी प्रेतांची गरज वाढत होती, परंतु कायद्याने फाशी गेलेल्या खुन्यांचीच प्रेते मिळत. त्यामुळे रातोरात ताजी थडगी उकरून प्रेते पुरवणाऱ्यांचा धंदा फोफावला आणि १८३२ च्या शरीरशास्त्र कायद्याने बेवारस प्रेते विद्यालयांना मिळू लागल्यावरच तो ओसरला. महाराष्ट्रात बहुसंख्य समाज प्रेताचे दहन करणारा असल्यामुळे उकरण्याजोगे थडगेच नसे, आणि म्हणून येथील भुताला देहाची गरज पडली नाही. मुंज होऊन लग्नाआधी वारलेल्या मुलाचा मुंजा पिंपळावर राहतो, बाळंतपणात गेलेल्या स्त्रीची हडळ होते, आणि या साऱ्या भूतगणांचा राजा वेताळ गावाच्या वेशीबाहेर शेंदूर फासलेल्या दगडात पूजला जातो. तरीही प्रेत पळवण्याची कथा येथे अनोळखी नव्हती: वेताळपंचविशीतला विक्रमराजा एका योग्याच्या सांगण्यावरून स्मशानातले प्रेत खांद्यावर टाकून नेऊ पाहतो, आणि त्या प्रेतात शिरलेला वेताळ वाटेत कोडी घालून त्याला पुन्हा पुन्हा झाडापाशी परत आणतो. भय आणि गंमत यांची ही सांगड मुंबईत चित्रपट येण्याच्या कितीतरी शतके आधीची आहे.

मुंबईतील चित्रपटाच्या प्रारंभीही स्मशान आहे. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसमोर आलेल्या 'राजा हरिश्चंद्र'च्या मूळ कथेत सत्त्व राखण्यासाठी राजाला स्मशानात चाकरी करावी लागते. हा चित्रपट दादरला, दादासाहेब फाळके यांच्या राहत्या घरातून उभा राहिला, आणि त्याची निर्मिती ही शब्दशः घरगुती होती. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फाळके साऱ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळून फिल्म धुण्याचे कामही करीत. फाळके स्वतः जादूचे प्रयोग करीत आणि आपले आडनाव उलटे फिरवून 'प्रोफेसर केल्फा' या नावाने रंगमंचावर उभे राहत, त्यामुळे कॅमेऱ्याच्या करामती, म्हणजे ज्यांना पुढे 'ट्रिक सीन' म्हटले गेले ते प्रसंग, त्यांना सहज सुचत. काळ्या पडद्यासमोर उभ्या केलेल्या नटाचे चित्रण आधीच एकदा वापरलेल्या फिल्मवर पुन्हा करायचे, की तो नट दृश्यात पारदर्शक होऊन अवतरतो. देव प्रकट करण्यासाठी वापरलेली हीच दुहेरी छायांकनाची युक्ती पुढे भुतांच्या कामी आली.

घरातल्या माणसांच्या बळावर चालणारा हा धंदा भयपटाच्या क्षेत्रात सर्वांत सातत्याने चालवला तो रामसे कुटुंबाने. कराचीत रेडिओचे दुकान असलेले एफ. यू. रामसे फाळणीनंतर मुंबईत आले आणि लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, त्यांनी विजेच्या उपकरणांचे दुकान थाटले. या रस्त्यावर मिनर्व्हा, अप्सरा, स्वस्तिक यांसारखी चित्रपटगृहे होती आणि नाझच्या आवारात वितरकांच्या कचेऱ्या होत्या, त्यामुळे कोणता चित्रपट कोणत्या गावात किती दिवस टिकला याची बातमी येथे सर्वांत आधी पोहोचत असे. रामसे यांचा १९७० चा 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' पडला, मात्र पृथ्वीराज कपूर भयंकर मुखवटा चढवून संग्रहालयात चोरी करतात तो एकच प्रसंग प्रेक्षकांना भावला, हे त्यांच्या मुलांच्या ध्यानात आले. पडलेल्या चित्रपटातला चाललेला भाग ओळखणे, हीच या कुटुंबाच्या धंद्याची खरी सुरुवात ठरली.

त्यातून १९७२ मध्ये 'दो गज़ ज़मीन के नीचे' आला, ज्यात पुरलेला माणूस थडग्यातून परत येतो. महाबळेश्वरला सारे कुटुंब आणि मोजके कलावंत मुक्कामाला नेऊन सुमारे साडेतीन लाख रुपयांत हा चित्रपट पुरा करण्यात आला. रामसे यांच्या मुलांपैकी कुमार लेखन करीत, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन, गंगू कॅमेरा, किरण ध्वनी, अर्जुन संकलन. या भावांपैकी कोणीही चित्रपटाचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते, आणि जोसेफ मासेली यांचे छायालेखनावरील पुस्तक हाच त्यांचा गुरू होता. भव्य सेट परवडत नसल्याने जुने वाडे, गेस्टहाउस आणि राजवाडे हेच त्यांचे सेट झाले, आणि प्रकाशयोजनेत लाल, हिरवे, निळे रंगीत कागद दिव्यांसमोर लावून त्यांनी भिंतींचे दारिद्र्य झाकले.

१९८४ चा 'पुराना मंदिर' हा या पद्धतीचा कळस होय. दोनशे वर्षांपूर्वीच्या संस्थानी काळात राजाने सामरी नावाच्या राक्षसी पुरुषाचे शिर धडावेगळे केले, शिर पेटीत बंद केले आणि धड देवळामागे पुरले. ते दोन्ही पुन्हा एकत्र आले की तो उठणार, या एका अटीवर सारी कथा तोललेली आहे. सामरी उभा करणारे अनिरुद्ध अग्रवाल हे मूळचे अभियंते होते आणि त्यांच्या असामान्य उंचीने रंगभूषेचा बराचसा खर्च वाचवला. त्याच चित्रपटात जगदीप यांचे 'शोले'ची नक्कल करणारे विनोदी उपकथानक आहे, ज्याचा मूळ कथेशी फारसा संबंध नाही. समीक्षकांना ते ठिगळ वाटले, तरी घाबरलेल्या प्रेक्षकाला श्वास घेऊ देण्याची गरज त्यातून भागत होती.

मराठीने मात्र हसण्याला उपकथानकात न ठेवता भुताच्याच तोंडी दिले. रवी नमाडे यांनी दिग्दर्शित केलेल्या 'एक डाव भुताचा' या १९८२ च्या चित्रपटात मुंबईच्या चिखलवाडीत वाढलेल्या अशोक सराफ यांनी शिवकालीन खंडोजी फर्जंदाचे भूत साकारले आणि दिलीप प्रभावळकरांनी त्याच्या नादी लागलेला साधा शिक्षक. द. मा. मिरासदारांच्या लेखणीमुळे या भुताला ग्रामीण कथेतल्या बेरकी माणसाचा बाज आला. १९९३ च्या महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'त गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यात शिरतो. तो तात्या विंचू शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी घडवला, आणि समोर उभे होते ते लक्ष्मीकांत बेर्डे, ज्यांनी गिरगावच्या मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करीत रंगभूमी आत्मसात केली होती. एकाच बाहुल्यावर सारा चित्रपट तोलण्याची हिंमत बोलक्या बाहुल्यांचे खेळ आणि नाटकाच्या तालमी यांनीच दिली होती. लालबागच्या गिरणी कामगारांनी भारतमाता चित्रपटगृहात आणि दादरकरांनी प्लाझात मराठी चित्रपटाला जो आश्रय दिला, त्याच्याच आधारावर अशा प्रयोगांचा खर्च निघत असे.

या साऱ्या चित्रपटांकडे स्वस्त करमणूक म्हणून पाहण्याची सवय चुकीची आहे. अल्प खर्च ही त्यांची उणीव नव्हती, तर तीच त्यांची रचनापद्धती होती, आणि घर, दुकान, रंगभूमी व एकपडदा चित्रपटगृह यांच्या जवळिकीशिवाय ती शक्य झाली नसती. तुलसी रामसे २०१८ मध्ये आणि श्याम रामसे २०१९ मध्ये निवर्तले. त्यांच्यासारख्यांच्या पिढीबरोबर या कारागिरीची तोंडी माहितीही संपत चालली आहे. म्हणून मूळ निगेटिव्ह, हाताने रंगवलेली पोस्टरे, मुखवटे आणि बाहुल्या यांची नोंद व जपणूक पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने आणि मुंबईतील सांस्कृतिक संस्थांनी फाळक्यांच्या वारशाइतक्याच आस्थेने करावी, कारण हा त्याच वारशाचा भाग आहे.