ओटीपी न सांगताही खाते कसे उघडते? सेशन हायजॅकिंगची माहिती

योजनेच्या पोर्टलवर आपण पासवर्ड किंवा ओटीपी एकदाच टाकतो. पुढच्या प्रत्येक पानावर तो पुन्हा विचारला जात नाही. कारण पहिल्या तपासणीनंतर सर्व्हर आपल्या मोबाइलला किंवा संगणकाला अक्षरे-आकड्यांची एक लांब खूण देतो. तिला सेशन टोकन म्हणतात. मंदिराबाहेरच्या चप्पल स्टँडचा बिल्ला जसा, तशीच ही खूण. बिल्ला ज्याच्या हातात, चपला त्याला मिळतात. ही खूण चोरून दुसऱ्याच्या नावाने वावरणे म्हणजे सेशन हायजॅकिंग. चोराला पासवर्ड लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही.

दोष सॉफ्टवेअरमध्येच असेल तर?

2023 मध्ये सिट्रिक्स कंपनीच्या नेटस्केलर या प्रणालीत असा दोष सापडला. अनेक संस्थांमध्ये बाहेरून येणाऱ्यांचे लॉगइन हीच प्रणाली तपासते. विशिष्ट प्रकारची विनंती पाठवली की ती आपल्या मेमरीतील मजकूर परत देई आणि त्यात लोकांची सेशन टोकन असत. कंपनीने 10 ऑक्टोबर 2023 रोजी दुरुस्ती दिली, पण आधी चोरलेली टोकन त्यानंतरही चालत होती. सर्व चालू सेशन वेगळी बंद करावी लागली. अमेरिकेतील कॉमकास्ट कंपनीत याच दोषातून शिरकाव झाला आणि सुमारे 3.58 कोटी लोकांची माहिती बाधित झाली. या ग्राहकांची त्यात काहीच चूक नव्हती.

लाभार्थ्यांचा संबंध कुठे येतो?

आपल्याकडे धोका बहुतेक वेळा साध्या कारणाने येतो, तो म्हणजे दुसऱ्याच्या संगणकावर उघडे राहिलेले खाते. महाराष्ट्रातील आपले सरकार सेवा केंद्र, राजस्थानातील ई-मित्र, तेलंगणातील मी-सेवा अशा ठिकाणी आपण स्वतःच्या मोबाइलवर आलेला ओटीपी देऊन डिजिलॉकर किंवा माय-आधार उघडतो, प्रिंट घेतो आणि निघतो. ब्राउझरची खिडकी बंद केली म्हणजे सेशन संपतेच असे नाही. केंद्रचालक प्रामाणिक असला तरी त्या खुर्चीवर पुढे कोण बसणार, हे त्यालाही ठाऊक नसते. म्हणून उठण्यापूर्वी समोर लॉगआउट करून घ्या. शक्य असेल तर सुरुवातीलाच इनकॉग्निटो विंडो उघडायला सांगा.

आधार कार्डाचा फोटो प्रिंटसाठी देताना व्हॉट्सॲप वेब जोडले असेल, तर ते विशेष लक्षात ठेवा. आपल्या मोबाइलवर व्हॉट्सॲपमधील ‘लिंक केलेली डिव्हाइस’ उघडा आणि अनोळखी नाव दिसल्यास तिथूनच लॉगआउट करा.

शंका आल्यास

केवळ पासवर्ड बदलून थांबू नका. काही प्रणालींमध्ये पासवर्ड बदलला तरी जुने सेशन चालू राहते. ‘सर्व उपकरणांमधून लॉगआउट’ हा पर्याय असल्यास तो वापरा. माय-आधार पोर्टलवर मागील 6 महिन्यांत आधार कुठे तपासले गेले, याची नोंद पाहता येते.

खात्यातून पैसे गेले असल्यास लगेच 1930 या क्रमांकावर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर नोंद करा. त्याच दिवशी बँकेलाही कळवा. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही अशा प्रकरणात, व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून 3 कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास नुकसान ग्राहकावर येणार नाही, अशी तरतूद होती. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा.