गड्डा यात्रा, सोलापूर : रात्रीची मिरवणूक आणि शोभेचे दारूकाम

सोलापूरचे ग्रामदैवत श्री सिद्धेश्वर यांच्या यात्रेत अंधार पडल्यावर रंगणारे दोन सोहळे म्हणजे दिव्यांनी उजळलेल्या सात नंदीध्वजांची मिरवणूक आणि होम मैदानावरचे शोभेचे दारूकाम. यात्रा मकरसंक्रांतीला भरते. होम मैदानावरच्या जत्रेला सोलापूरकर ‘गड्डा’ म्हणतात आणि त्यावरून सगळ्या यात्रेलाच गड्डा यात्रा हे नाव पडले आहे. सोलापूर जिल्ह्यातून आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातून लोक येतात. मिरवणूक पाहावी की दारूकाम, नंदीध्वजाचा तोल महत्त्वाचा की त्यावरच्या नागफणीची रोषणाई, आभाळातले औट खरे की जमिनीवरचे काम, यांवर शहरात पिढ्यान्‌पिढ्या हिरिरीने वाद होतो. ही नोंद या दोन सोहळ्यांची आणि त्या वादाची आहे.

विधींचा क्रम

सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले शिवयोगी, बसवेश्वर व अल्लमप्रभू यांचे समकालीन शरण आणि कन्नड वचनकार. सोन्नलगी म्हणजे आजचे सोलापूर. तिथे त्यांनी तलाव खोदवला आणि नगराच्या पंचक्रोशीत ६८ शिवलिंगे स्थापिली अशी परंपरा आहे. त्याच तलावात आजचे सिद्धेश्वर मंदिर उभे आहे. शेजारी भुईकोट किल्ला आणि लगत होम मैदान.

यात्रेच्या मुळाशी एका लग्नाची कथा आहे. एका कुंभारकन्येने सिद्धरामेश्वरांशी विवाहाचा हट्ट धरला. ते योगी, विवाह शक्य नव्हता. म्हणून त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावण्यास तिला संमती दिली. हे लग्न दर संक्रांतीला पुन्हा लागते. भोगीच्या दिवशी नंदीध्वज ६८ लिंगांची प्रदक्षिणा करतात आणि तैलाभिषेक होतो. त्यालाच यन्नीमज्जन म्हणतात. संक्रांतीला तलावाकाठच्या संमती कट्ट्याजवळ अक्षता पडतात. तिथे कन्नड संमतीचे वाचन करण्याचा मान शेटे घराण्याकडे आहे. तिसऱ्या रात्री होम मैदानावर होमविधी होतो. बाजरीच्या पेंढीला शालू नेसवून, सौभाग्यालंकार घालून ती कुंभारकन्या मानली जाते आणि अग्नीला अर्पण केली जाते. त्याच रात्री वासराची भाकणूक होते : दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरासमोर धान्य ठेवतात आणि ते काय खाते, कशाला तोंड लावत नाही, बिचकते का, यावरून पुढच्या वर्षीचा पाऊस आणि बाजारभाव सांगतात. चौथ्या रात्री दारूकाम. पाचव्या दिवशी कप्पडकळी, म्हणजे नंदीध्वजांची वस्त्रे उतरवण्याचा विधी.

वादात भाग घेणाऱ्याने हा क्रम आधी समजून घ्यायला हवा. दारूकाम लग्नाच्या रात्री होत नाही. कुंभारकन्येच्या अग्निप्रवेशानंतरच्या रात्री होते. म्हणून त्याला केवळ वरातीचा आनंद म्हणता येत नाही, आणि केवळ करमणूक म्हणून बाजूलाही सारता येत नाही. जाणत्या भाविकांच्या बोलण्यात हा अवघडलेपणा जाणवतो.

काठी आणि तिचे जाणकार

नंदीध्वजाला बोलीत ‘काठी’ म्हणतात. उंच वेळूला वस्त्रे, बाशिंग आणि खोबऱ्याचे हार बांधलेले असतात. काठीचा बुंधा पेलणाऱ्याच्या कमरेच्या पट्ट्यात बसतो आणि सगळा भार कंबर, मांड्या आणि मनगटे यांवर येतो. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी आळीपाळीने काठी घेतात. एकाकडून दुसऱ्याकडे ती जाताना क्षणभर तोल कुणाच्याच ताब्यात नसतो आणि गर्दी नेमक्या त्याच क्षणी श्वास रोखते. यात्रेच्या काही आठवडे आधीपासून रात्री सराव चालतो.

सात काठ्यांना ठरलेला मान आहे. पहिली देवस्थानाची, योगदंड आणि पूजेचा मान हिरेहब्बू घराण्याकडे. दुसरी कसब्याची. त्यामागे माळी, विश्वब्राह्मण आणि मातंग समाजांच्या मानाच्या काठ्या चालतात. बाळीवेशीतल्या हिरेहब्बू वाड्यापासून मिरवणूक निघते आणि ‘बोला, एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र’ या जयघोषात मंदिराकडे सरकते. मराठी, कन्नड आणि तेलुगू बोलणारे एकाच सुरात ओरडतात. सोलापूर किती भाषांचे आहे हे या रस्त्यावर जसे दिसते तसे इतरत्र क्वचितच दिसते.

होमाच्या रात्री काठीच्या शेंड्याकडे नागफणी, म्हणजे नागाच्या फण्यासारखी सजावट, बांधली जाते आणि तिच्यावर दिव्यांची रोषणाई होते. नागफणीमुळे शेंड्याकडचा भार वाढतो, वारा अधिक पकडला जातो आणि तोल सांभाळणे फार कठीण होते. रसिकांचे दोन तट इथेच पडतात. पहिल्यांच्या मते दिव्यांची उंच नागफणी अंधारात डुलत येते तेव्हाच यात्रा सुरू झाल्यासारखी वाटते. दुसऱ्यांचे म्हणणे, खरी काठी भोगीच्या दिवसाउजेडी पाहावी; तेव्हा पेलणाऱ्याचे पाय दिसतात, पावलांची लय दिसते, रात्री फक्त दिवे दिसतात. दुसऱ्या तटाचे निरीक्षण बारीक आहे. पण रोषणाई ही अलीकडची हौस म्हणून तिला नाव ठेवणे योग्य नाही. रात्रीची मिरवणूक म्हटली की उजेड लागणारच. पलिते गेले, गॅसबत्त्या आल्या, त्यांच्यानंतर विजेचे दिवे आले. प्रश्न असलाच तर प्रमाणाचा आहे. दिव्यांचा आणि जनित्राच्या गाड्यांचा पसारा एवढा वाढू नये की पेलणाऱ्याला चालायला जागा उरणार नाही.

दारूकाम

मराठी मुलखात लग्न आणि दारूकाम यांची सांगड जुनी आहे. एकनाथांच्या सोळाव्या शतकातल्या ‘रुक्मिणीस्वयंवर’ या ग्रंथात विवाहप्रसंगीच्या आतषबाजीचे वर्णन येते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातल्या आतषबाजीचा इतिहास लिहिताना या उल्लेखाकडे लक्ष वेधले. महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांपुढे कोट्याच्या दिवाळीतल्या दारूकामाचे वर्णन केले आणि मग पेशव्यांसाठी पर्वतीच्या पायथ्याशी तसे काम उभे राहिले, ही बखरीतली हकिगतही त्यांनीच पुढे आणली. दारूकामावर बोलणाऱ्या प्रत्येकाने गोड्यांचा तो लेख जरूर वाचावा. आनंदाच्या या कलेकडे इतक्या गांभीर्याने पाहणारे अभ्यासक आपल्याकडे फार झाले नाहीत.

होम मैदानावर दोन तऱ्हांचे काम पाहायला मिळते. एक जमिनीवरचे : चक्रे, झाडे, नळे, बांबूच्या चौकटीवरून ओघळणारा धबधबा, सुतळीने जोडलेल्या आकृत्या. दुसरे आभाळातले : औट, बाण, रंगीत गोळे. जुन्या मंडळींचा जीव पहिल्यात असतो, कारण त्यात कारागिराचा हात ओळखता येतो. वात कुठून कुठे धावते, चक्र थांबताच झाड पेटते का, मध्ये अंधार किती वेळ राहतो, हे ते बारकाईने पाहतात. लांबवर, तलावापलीकडे किंवा घरांच्या गच्चीवर उभ्या असलेल्यांना मात्र आभाळातलेच दिसते, आणि गर्दी वाढत जाते तसे कामही वर सरकते. त्याने पाहणाऱ्यांची संख्या वाढली आणि बारकाई कमी झाली. मला हे नुकसान मोठे वाटते. औट बाजारात तयार मिळतो. चौकटीवरचे काम करणारा कारागीर एकदा धंद्यातून गेला की परत येत नाही.

रंगांचे गणित सरळ आहे. स्ट्रॉन्शियमच्या क्षारांनी लाल, बेरियमने हिरवा, सोडियमने पिवळा आणि तांब्याने निळा रंग येतो. निळा सर्वांत अवघड, कारण आच थोडी जास्त झाली की तो फिकटतो. म्हणून गडद निळा औट फुटला की जाणकार मान डोलावतात. सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात फटाक्यांत बेरियमच्या क्षारांचा वापर आणि लडींची विक्री यांना मनाई केली. हिरव्या रंगासाठी कारागिरांना दुसरी वाट शोधावी लागली. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेल्या हरित फटाक्यांत धूर आणि कण कमी होतात, नाहीसे होत नाहीत.

वादाचे कळीचे मुद्दे

पहिला मुद्दा आवाज आणि वेळेचा. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाचे फटाके उडवता येत नाहीत, आणि फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १२५ डेसिबलांहून मोठा आवाज करणारा फटाका मुळातच चालत नाही. काम दहाच्या आत उरकावे लागते. पूर्वीसारखा सावकाश, थांबत थांबत दारूकामाचा आस्वाद घेता येत नाही ही रसिकांची तक्रार आहे आणि ती खरी आहे. तरी मैदानाभोवती भरवस्ती आहे आणि तिथे तान्ही मुले, म्हातारी माणसे, दम्याचे रुग्ण राहतात. जानेवारीच्या थंड, वारा पडलेल्या रात्री धूर वर जात नाही. मैदानावर आणि तलावावर तरंगत राहतो. तलावावर पक्षी मुक्कामाला असतात. हे मुद्दे मांडणाऱ्यांना यात्राविरोधी ठरवले जाते, तो अन्याय आहे. त्यांच्यातले बरेचजण काठीमागे अनवाणी चालणारे असतात.

दुसरा मुद्दा सुरक्षेचा, आणि इथे मतभेदाला फारशी जागा नसावी. केरळात कोल्लम जिल्ह्यातल्या परवूरच्या पुट्टिंगल देवळात १० एप्रिल २०१६ रोजी चढाओढीच्या आतषबाजीत स्फोट होऊन शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या कामाला प्रशासनाची परवानगी नव्हती. सोलापूर जिल्ह्यातच, बार्शी तालुक्यात पांगरीजवळच्या फटाक्यांच्या कारखान्यात १ जानेवारी २०२३ रोजी स्फोट झाला आणि तिथे काम करणाऱ्या स्त्रियांचे जीव गेले. आभाळातल्या रंगांवर बोलताना ती दारू कुणाच्या हातांनी भरली गेली, हे सहसा कुणी विचारत नाही. विचारायला हवे.

होम मैदानावर पाळणे, खेळ, खाऊची दुकाने आणि हजारो माणसे एकाच वेळी असतात. यात्रा श्री सिद्धेश्वर देवस्थान पंच कमिटी भरवते. तुकाराम मुंढे जिल्हाधिकारी असताना (२०१४–१६) मैदानात आपत्कालीन रस्ता मोकळा ठेवणे आणि धूळ बसवण्यासाठी मॅट टाकणे यांवरून प्रशासन आणि कमिटी यांच्यात तीव्र मतभेद झाले. परंपरेत ढवळाढवळ नको असे एक बाजू म्हणाली, माणसांचा जीव आधी असे दुसरी. गर्दीतून रुग्णवाहिका आत शिरू शकली पाहिजे, हे आता कुणी नाकारत नाही.

तिसरा मुद्दा मुळावरच जाणारा : दारूकामाशिवाय यात्रा पुरी होते का? २०२१ मध्ये करोनाच्या निर्बंधांत गड्डा भरला नाही. विधी मोजक्या मानकऱ्यांच्या उपस्थितीत झाले. काठी, अक्षता, होम यांवाचून यात्रा झाली असे कुणी म्हटले नसते. दारूकामाविना ती झाली आणि लोकांनी ती यात्रा मानली. तेव्हा दारूकामाचे रूप, प्रमाण, साहित्य, वेळ, सारे बदलता येण्याजोगे आहे. काठीच्या मानाला आणि वाटेला हात लावण्याआधी मात्र शंभरदा विचार करावा. मैदानावर तास-दोन तास उभे राहणाऱ्या माणसाला हे पटवणे सोपे नाही, कारण त्याच्या लहानपणीची यात्रा म्हणजे वडिलांच्या खांद्यावरून पाहिलेला औटच असतो. त्याची ही ओढ खोटी नाही. तिच्यासाठी थोडे, नेटके, जमिनीवरचे काम राखावे आणि कारागिरांना त्याचे चांगले मोल द्यावे, असे या नोंदकाराचे मत आहे.

इतरत्र

मिरवणूक की आतषबाजी हा वाद करमणुकीच्या उद्यानांच्या चाहत्यांतही रंगतो. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये १९७२ साली सुरू झालेली दिव्यांची ‘मेन स्ट्रीट इलेक्ट्रिकल परेड’ कितीतरी वेळा बंद झाली आणि चाहत्यांच्या प्रेमापोटी परत आली. फ्लोरिडातल्या ‘मॅजिक किंग्डम’मध्ये २०१६ ते २०२५ या काळात रात्रीची रोजची मिरवणूक नव्हती, केवळ आतषबाजी होती, आणि त्याबद्दलची हळहळ वर्षानुवर्षे ऐकू येत राहिली. तिथल्या चाहत्यांचा युक्तिवाद सोलापूरकराला ओळखीचा वाटेल : आतषबाजी दुरून पाहतात, मिरवणूक तुमच्या अंगावरून जाते. धुराचा प्रश्न तिथेही आला. डिस्नेने २००४ मध्ये औट उडवण्यासाठी दारूऐवजी दाबलेली हवा वापरण्याचे तंत्र आणले, त्यामुळे जमिनीलगतचा धूर आणि आवाज कमी झाला. महाराष्ट्रात खोपोलीजवळच्या ‘इमॅजिका’ने (२०१३) उद्यानातली मिरवणूक मराठी घरांच्या ओळखीची केली.

फरक निर्णयाचा आहे. उद्यानात काय चालू ठेवायचे ते मालक ठरवतो आणि चाहता तिकिटाच्या जोरावर बोलतो. सोलापुरात मानकरी घराणी, सात काठ्यांचे समाज, पंच कमिटी, महापालिका, पोलीस आणि रस्त्यावर उभा असलेला माणूस असे सगळे मिळून ठरवतात. म्हणून इथे बदल हळू होतो. दाबलेल्या हवेचे तंत्र, हरित दारू, कारागिरांची नोंदणी आणि विमा यांवर इथे अजून पुरेसे बोलले जात नाही. रसिकांच्या पुढच्या वादाचे विषय हे असायला हवेत.